मासा पडेपर्यंत कालवण शाकाहारीच असतं

पत्र:

ताई, नमस्कार. माझं माहेर बार्शीचं, घर माळकरी. अंडंसुद्धा कधी घरात आलं नाही. सासर मालवणकडचं, आम्ही पुण्यात असतो. लग्नाला नऊ वर्षं झाली. मी मासे खात नाही, पण कुणी खाल्ले तर मला काही वाटत नाही आणि मासे हाताळायची किळसही आता गेली आहे. आमच्याकडे गौरी-गणपती असतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चुलत-मावस दीर, जावा, मुलं अशी सगळी आमच्याकडे जेवायला येतात. श्रावण आणि गणपती धरून सव्वा महिना सगळ्यांनी कळ काढलेली असते, त्यामुळे त्या दिवशीचं मासळीचं जेवण हा आमच्या घरातला गणपतीइतकाच मोठा सण.

आजवर ते सासूबाई करायच्या. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उभं राहता येत नाही. चौदा माणसं, त्यात चार मुलं. न खाणारी मी आणि माझी आई. मी यादी केली आहे: सुरमई फ्राय, भरलेलं पापलेट, बोंबील फ्राय, कोळंबीचं सुकं, बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या, कुर्ल्यांचा रस्सा, सोलकढी, वडे, भात. गेल्या वर्षी एकदा मी कोळंबीचं कालवण केलं होतं. ते फुटलं आणि कोळंबी चामड्यासारखी झाली. एक दीर म्हणाले, "काकूच्या हातचं ते काकूच्या हातचं." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पाणी पिऊन उठल्या. प्रमाण विचारलं की "अंदाजान घालायचा" म्हणतात. चव न घेता मला मीठ-तिखट कळणार कसं? आणि घरभर वास राहतो त्याचं काय करू? की सरळ बाहेरून मागवू?

– बार्शीची लेक, पुणे

बार्शीच्या लेकी,

सगळ्यात अवघड प्रश्न तू पत्राच्या शेवटाला, वासाच्या शेजारी दडवून ठेवला आहेस. त्याचं उत्तर मात्र सगळ्यात सोपं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. चव न घेता मीठ कसं कळणार? अगं, चव घे की! मासा पडेपर्यंत कालवण शाकाहारीच असतं. ओलं खोबरं, मिरच्या, धणे, हळद, आमसुलं, मीठ. यातलं काय तुझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात नव्हतं? आमसुलाच्या जागी चिंच असेल, एवढंच. कालवण करायची आमच्याकडची रीतही तुझ्या सोयीची आहे: रस्सा आधी पूर्ण उकळायचा, मीठ, आंबट, तिखट सगळं जागेवर आणायचं आणि अगदी शेवटी मासा सोडायचा. तो सोडायच्या आधी चमचाभर रस्सा तळहातावर घेऊन चाख. तेव्हा तो जिभेला किंचित चढा लागला पाहिजे, कारण कोळंबीला पाणी सुटतं. मासा पडल्यानंतरचा चमचा सासूबाईंचा. त्या खुर्चीत बसल्या असतील ना? वाटी त्यांच्यापुढे धरायची आणि "मीठ बघा" म्हणायचं. मी वेंगुर्ल्याची. माझी आई शेवटची पंधरा वर्षं चुलीपाशी उभी राहिली नाही, पण "मीठ बघ गो" असं तिला विचारल्याशिवाय आमच्या घरात टोप उतरला नाही.

तळणाला चाखायची सोय नाही, तिथे मोजमाप. किलोभर तुकड्यांना मीठ दोन सपाट छोटे चमचे. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलंस तर दीड, कारण आगळात मीठ असतंच.

आता तुझ्या यादीकडे येऊ. दहा पदार्थ, त्यातले सात मासळीचे! बाई गं, खानावळ उघडते आहेस का? सासूबाईसुद्धा एका दिवशी सात करत नसणार. नऊ वर्षांतली सगळी जेवणं तुझ्या आठवणीत एका पानात वाढली गेली आहेत. मासा कुणासाठी थांबत नाही. मटण अर्धा तास जास्त शिजलं तर बिघडत नाही, मासा पाच मिनिटांत हातचा जातो. सात जिन्नस एका वेळी गरम आणि नीट शिजलेले पानात यायला चार माणसं आणि सहा शेगड्या लागतील. तीन कर: तळलेली सुरमई, कोळंबीचं कालवण आणि बांगड्याचं तिखलं. सोबत भात आणि सोलकढी. वडे काढून टाक. ते कोंबडीच्या रश्शाबरोबर शोभतात आणि तळायला एक माणूस अडकून पडतो. तांदळाची भाकरी एखादी जाऊ हौसेने करणार असेल तर करू दे.

ही तीनच का, तेही सांगते. तिखलं सकाळी करून ठेवता येतं आणि तीन तासांनी अधिक चांगलं लागतं. कालवणाचा रस्सा आधी तयार ठेवता येतो, कोळंबी जेवायच्या आधी दहा मिनिटं. ऐन वेळी गडबड राहते ती फक्त तव्याची. कुर्ल्या फोडायला आणि खायला दोन्हीला वेळ लागतो, त्या चार माणसांच्या घरात कराव्यात. बोंबील मला जिवापलीकडे आवडतो, पण तो पाण्याचा मासा; पाट्याखाली दाबून पाणी काढलं नाही तर तव्यावर लगदा होतो. पहिल्या वर्षी नको.

आणि हो, काही ठरवायच्या आधी कॅलेंडर बघ. विसर्जनाचा दुसरा दिवस सोमवार किंवा गुरुवार येत असेल आणि कुणी वार पाळत असेल तर चौदातले चार जण सोलकढी-भात खाऊन जातील. एक दिवस पुढे ढकललेला बरा. गणपतीनंतर लगेच मासे कसे, असं तुझ्या आईला वाटत असेल तर त्यांना सांग की कोकणात काही घरांत खुद्द गौरीलाच तिखटाचा नैवेद्य असतो. ऐकून त्या गप्प बसतील किंवा दुसऱ्या दिवशी बार्शीची गाडी पकडतील, ते मी सांगू शकत नाही.

बाजाराचं आता. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ऑगस्टात बोटी सुटतात, नारळी पौर्णिमेला नारळ पडतो आणि गणपतीपर्यंत बाजार भरलेला असतो. म्हणजे हंगाम तुझ्या बाजूचा आहे, भाव नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अख्खं पुणं पिशवी घेऊन बाहेर पडतं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी लवकर जा, आणि त्याआधी दोन दिवस ओळखीच्या मासेवालीला सांगून ठेव: तीन किलोची एक अख्खी सुरमई, दोन किलो बांगडे, दीड किलो कोळंबी. अख्खी म्हणजे अख्खीच, आधी कापून ठेवलेले तुकडे नकोत. अख्ख्या माशाचा डोळा दिसतो आणि कल्ला उचलून बघता येतो. डोळा फुगीर, काचेसारखा. कल्ल्यात लाल रंग, तपकिरी नाही. बोटाने दाबलं की खळगा राहू नये. कोळंबीचं डोकं घट्ट जोडलेलं हवं आणि नाकाला झोंबणारा वास आला तर पुढे चालायचं. पापलेट यादीतून गेल्याचं तू दुःख करू नकोस. 2023 साली राज्याने त्याला राज्यमासा ठरवलं ते काही उगाच नाही. लहान पिल्लं धरून धरून त्याचे हाल झाले आहेत. तळहातापेक्षा लहान पापलेट कुणी स्वस्तात दिलं तरी घेऊ नये, असं माझं मत.

तीन किलोच्या सुरमईचे अंगठ्याएवढ्या जाडीचे वीस-बावीस तुकडे होतात. बारा खाणाऱ्यांना पुरतात. मुलांच्या पानात शेपटीकडचे तुकडे वाढ. त्यांत नुसता मधला कणा असतो, पोटाकडच्या तुकड्यांत फासळ्यांचे काटे. डोकं आणि शेपूट वेगळं बांधून घे. ते रात्री राहणाऱ्यांसाठी, कालवणाच्याच वाटपात, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्यात. डोकं चोखणारा एक तरी काका प्रत्येक मालवणी घरात असतो.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. पुण्यात मासा रात्रीतून गाडीने येतो, बर्फात येतो, तो तुझ्या पिशवीतही बर्फातच राहिला पाहिजे. बांगडा आणि सुरमई एकाच कुळातले. ते उबेत पडून राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं. मग लोक म्हणतात मसाला बाधला. थर्माकोलचा डबा घेऊन जा, मासेवालीकडून बर्फ माग, घरी आल्या आल्या धुऊन फ्रीजमध्ये. बाजारातून परतताना मंडईत फुलं बघत बसू नकोस. कोळंबीची ॲलर्जी कुणाला आहे का, तेही सगळ्यांना फोनवर विचारून ठेव. नव्या सुना-जावयांचं हमखास माहीत नसतं.

आता तुझं फुटलेलं कालवण. तू लिहिलं नाहीस, पण काय झालं असेल ते मला दिसतं आहे. नारळाचं दूध काढून घातलंस, आमसुलं सुरुवातीलाच टाकलीस, वर झाकण ठेवलंस आणि रटरट उकळू दिलंस. त्यातच कोळंबी वीस मिनिटं. बरोबर ना? दूध जोराच्या उकळीला आणि आंबटाला टिकत नाही, त्यातला स्नेह सुटून वर येतो. रोजच्या कालवणाला दूध काढायची गरजच नाही. वाटप बारीक असलं की पुरे.

वाटप असं. दोन मोठे नारळ खवून घे. पंधरा-सोळा बेडगी मिरच्या, रंगाला. तिखटपणासाठी चार संकेश्वरी. दोन मोठे चमचे धणे, आठ मिरीदाणे, एक छोटा चमचा हळद, एक मध्यम कांदा कच्चाच. मिरच्या आणि धणे अर्धा तास गरम पाण्यात भिजव, म्हणजे साल दाताखाली येत नाही. मिक्सरमध्ये थोडं थोडं पाणी घालून गंधासारखं वाट. बोटांत चोळून बघ, रवाळ लागलं तर आणखी दोन मिनिटं. हे वाटप विसर्जनाच्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवता येतं. शाकाहारी आहे, सोवळ्याओवळ्याचीही अडचण नाही. हवं तर यातच डोक्या-शेपटीच्या कालवणाचं पाव वाटप जास्त करून ठेव.

सासूबाईंचा "अंदाज" हवा असेल तर तोही मिळतो. प्रमाण विचारू नकोस. मिरच्यांची परडी आणि धण्यांचा डबा त्यांच्या मांडीवर दे, "चौदा माणसांना तुम्ही किती घ्याल तेवढं ताटात काढा" म्हण, आणि मग ते ताट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. मी माझ्या आईची मूठ अशीच मोजून घेतली होती. धण्याची मूठ बावीस ग्रॅम भरली. दुसऱ्यांदा काढायला लावली, एकवीस. त्या बायांचा अंदाज म्हणजे काटाच असतो, फक्त आकडा त्यांच्या तोंडात येत नाही. माझं प्रमाण आणि त्यांची मूठ जुळली नाही तर त्यांची मूठ खरी.

कोळंबी सोलताना पाठीवर सुरीने बारीक चीर देऊन काळा दोरा काढ. मुलांनाही बसव, दीड किलोला तासभर लागेल आणि सालं-डोकी गेली की हातात जेमतेम निम्मी उरेल, घाबरू नकोस. हळद आणि चिमूटभर मीठ लावून फ्रीजमध्ये.

दुपारी मोठ्या पसरट टोपात खोबरेल तेल, ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की शेवग्याच्या शेंगा किंवा बटाट्याच्या फोडी. कोळंबीच्या कालवणात बटाटा मला फार आवडतो, आणि बारा जणांना रस्सा पुरतोही. त्यावर वाटप, मिक्सरचं भांडं विसळलेलं पाणी, मीठ. मध्यम आचेवर, झाकण न ठेवता उकळू दे. कच्च्या धण्याचा वास जाऊन वर तेलाचे बारीक डोळे दिसायला लागले, बटाटा शिजला, की मगच दहा-बारा आमसुलं. दोन मिनिटांनी चाख. हीच तुझी चव घ्यायची वेळ. इथे गॅस बंद करून तासभर थांबलीस तरी चालतं.

सगळे हात धुवायला उठले की पुन्हा उकळी आण, आच कमी कर आणि कोळंबी सोड. डाव घालून ढवळायचं नाही. टोपाचे कान दोन फडक्यांनी धरून टोपच गोल फिरवायचा. आता घड्याळाकडे बघू नकोस, कोळंबीकडे बघ. आधी ती राखट, आरपार दिसणारी असते. मग कडेने पांढरी-केशरी होत जाते आणि वळायला लागते. वेलांटीएवढी वळली की झाली. पूर्ण शून्य झालं की चामडं. हे सगळं तीन-चार मिनिटांत होतं, आणि गॅस बंद केल्यावरही रश्शाच्या उष्णतेने ती शिजत राहते. म्हणून वेलांटी पुरती व्हायच्या जरा आधीच बंद कर.

तुझ्या माहेरचा काळा मसाला यात घालायचा मोह होईल. नको. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, दगडफूल यांपुढे मासा दबून जातो. तो मसाला कुठे वापरायचा ते पुढे सांगते.

तिखलं सकाळी बाजारातून आल्यावर पहिलं काम. बांगड्याचे दोन-दोन तुकडे, डोकी वेगळी. वाटप इथे कमी खोबऱ्याचं आणि दाट: एक वाटी खोबरं, वीस बेडगी, हळद, चमचाभर धणे. आणि तिरफळं, पंधरा-सोळा. गणपतीच्या सुमारास कोकणातून कुणी आलं तर ओली हिरवी तिरफळं मागवून घे, नाहीतर सुकी आहेतच. एवढं एक पाठ कर: तिरफळाची आतली काळी बी काढून टाकायची, फक्त साल घ्यायची, ती मिठाच्या पाण्यात जराशी ठेचायची आणि वरून घालायची. मिक्सरमध्ये कधीही नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्याला मी बियांसकट वाटणात वाटली होती. कालवण कडू झालं ते झालंच, वर जेवणाऱ्यांच्या जिभा बधिर. माझे सासरे दोन घास खाऊन म्हणाले, "आज तोंडात काय घातलं तेच कळत नाही." जावेने तो टोप परसात नेऊन ओतला, तर मांजरही फिरकलं नाही. मालवणी घरातली सून असून मी हे केलं, तू तर बार्शीची आहेस.

पसरट भांड्यात बांगडे, वाटप, आठ आमसुलं, मीठ, तिरफळं आणि दोन चमचे कच्चं खोबरेल तेल हातानेच कालव. वाटीभर पाणी. झाकून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, मधे एकदा भांडं हलवायचं. फोडणी नाही, परतणं नाही. बस्स. हा तुझ्या सासूबाईंचा पदार्थ आहे असं तू लिहिलं नाहीस, पण मालवणकडची बाई म्हणजे असणारच. तेव्हा यात शेवटचा शब्द त्यांचा. त्या म्हणाल्या आमसुलं बारा, तर बारा.

तळणात एकच गोष्ट लोक चुकतात, ओला मासा तव्यावर टाकतात. तुकडे धुऊन चाळणीत निथळ, मग स्वच्छ पंचाने टिपून कोरडे कर. मीठ, हळद, आगळ, लाल तिखट, थोडी आलं-लसणाची गोळी. अर्धा तास पुरे. रात्रभर मुरवायला ते काही मटण नव्हे, आंबटाने मांस भुसभुशीत होतं. तळताना तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मे-निम्मे, दाबून लाव आणि झटक. लोखंडी तवा आधी चांगला तापू दे, मग तेल, मग आच मध्यम. तुकडा टाकला की हात मागे. चार मिनिटं त्याला शिवायचं नाही. कडा सोनेरी झाल्या आणि उलथणं अलगद खाली शिरलं की उलट. चिकटलाय असं वाटलं तर तो अजून तयार नाही, ओढू नकोस. दुसऱ्या बाजूला तीन-चार मिनिटं. एका तव्यावर पाच तुकडे, दोन तवे, म्हणजे बावीस तुकड्यांना तीन घाण्यांत पंचवीसेक मिनिटं लागतात. पहिली पंगत मुलांची बसव. मोठ्यांची पानं मांडेपर्यंत दुसरा घाणा उतरतो. सगळं तळून, रचून, झाकून ठेवायचं नाही. बाहेरून मागवायला मी नको म्हणते तेही याच कारणाने: डब्यात वाफ धरून सुरमईचं कवच वाटेतच ओलं होतं, आणि पैसे मात्र कुरकुरीतचे मोजावे लागतात.

सोलकढीला तीन नारळांचं दूध, सकाळीच काढलेलं. आगळ रंग बघून घाल, फिकट गुलाबी झाली की थांब. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. गॅसला अजिबात दाखवायची नाही. मीठ शेवटी. ही तू वाटीभर पिऊन बघ, तुझाच पदार्थ आहे.

तू आणि तुझी आई काय जेवणार, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. यादी दहा पदार्थांची आणि त्यात तुझ्यासाठी सोलकढी-भात! असं नको. बार्शीची आहेस, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची आमटी कर. डब्यात माहेरचं येसर असेलच, तो काळा मसालाही इथेच घाल. आमटी आदल्या दिवशी करून ठेवता येते. पातेलं मात्र मोठं घे. मासे ओरपणारे मालवणी लोक भाताचा शेवटचा मूद त्या आमटीबरोबर मागतील, मी हे दोन घरांत पाहिलं आहे. त्या आमटीचा डाव वेगळा ठेव आणि एका शेगडीवर मासळीचं भांडं चढवूच नकोस. आईला बरं वाटेल.

वासाचं. समुद्राच्या माशाच्या अंगात एक बिनवासाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तोच तो वास. म्हणजे मासा जितका ताजा तितका वास कमी. आणि आंबट लागलं की ते बांधलं जातं, हवेत उडत नाही. आपल्या बायांनी माशाला आमसूल-चिंच का लावली ते यातून कळतं. तेव्हा हातांना, ओट्याला, विळीला पिळलेल्या लिंबाच्या फोडी चोळ. भांडी आधी थंड पाण्याने विसळ, मग साबण; गरम पाणी आधी ओतलंस तर मांसाचा अंश भांड्याला धरतो. तळताना खिडकी उघडी आणि बेडरूमचं दार बंद. अगरबत्ती लावू नकोस, मग घरात मोगऱ्याच्या वासाचा बांगडा फिरतो.

राहिले तुझे दीर. "काकूच्या हातचं ते काकूच्या हातचं" हे ते यंदाही म्हणणार. म्हणू देत. पण विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीतून आले की त्यांच्यापुढे पाच नारळ आणि खवणी ठेव. नारळ खवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कालवणात खोट काढायचा उत्साह राहत नाही. आणि सासूबाई पाणी पिऊन उठल्या त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. चामड्यासारख्या कोळंबीवर त्या बोलल्या नाहीत, ही आमच्याकडची मोठी माया आहे. माझ्या सासूबाईंनी त्या तिरफळांची गोष्ट अठ्ठावीस वर्षं प्रत्येक शिमग्याला सांगितली. यंदा त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेव, हॉलमध्ये नको. पाय ठेवायला समोर स्टूल. तिखल्याचा टोप उतरवायच्या आधी एकदा आणि कोळंबी वळली की एकदा, असं दोनदा त्यांना हाक मार. तळण तू बघ, ते डोळ्यांनी कळतं.

उरलेलं तिखलं गार झालं की लगेच फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी घावण्यांबरोबर. तळलेली सुरमई उरणार नाही.

कोळंबीची सालं, कल्ले, आतडी वगैरे कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस, संध्याकाळपर्यंत जिन्यात वास येतो आणि वरच्या मजल्यावरचे लोक दार वाजवतात. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेव. दुसऱ्या दिवशी घंटागाडीचा आवाज आला की आठवणीने काढ. मी एकदा विसरले होते, आणि आठ दिवसांनी यजमानांनी ती पिशवी कोळंबी समजून भिजत घातली.